हातचं राखून

हिलारिओ क्कामाचं रक्त
काचेच्या नळीत चढायला वेळ घेतं.
काकवी थंडीत बाटलीबाहेर यायला घेते, तेवढा.
एकोणीस वर्षं मी हुलियाकाच्या या दवाखान्यात
लोकांची बोटं टोचते आहे.
आता नळी फिरवायच्या आधीच मला आकडा कळतो.
चौऱ्याहत्तर.
शंभरातले चौऱ्याहत्तर भाग नुसत्या लाल पेशी,
उरलेल्या चिमूटभर पाण्यात दाटीवाटीने.

तो वरून आलाय,
पाच हजार शंभर मीटरवरच्या पत्र्यांच्या वस्तीतून,
जिथे तीस दिवस मालकाचा दगड फोडायचा
आणि एकतिसाव्या दिवशी
खांद्यावर मावेल तेवढा आपला.
त्यात सोनं निघालं तर निघालं.

‘डोकं दुखतं. कानात कोणीतरी गिरणी चालवतं.
पण रक्त भरपूर आहे म्हणता, मग दम का लागतो?’

काय सांगू?
सांगितलं, जेवढं मला येतं.
की प्रत्येक पेशीत कोट्यवधी हिमोग्लोबिन,
आणि एकेकाला चार जागा,
जागेगणिक लोखंडाचा एकच कण.
बाहेर हवा लागली की लोखंड गंजतं.
इथे त्याच्याभोवती अशी घडी घातलेली असते
की ते हवा धरतं, आणि गंजत नाही,
आणि सोडूनही देतं.
पहिला ऑक्सिजन बसायला कुरकुरतो.
तो बसला की सगळी घडीच जरा हलते,
मग दुसरा सोपा, तिसरा त्याहून.
(खाणीच्या तोंडाशी तुम्ही नाही का,
पहिला माणूस आत शिरेपर्यंत सगळे बूट घासत उभे?)

सोडण्याचंही त्याचं एक गणित आहे.
जिथे स्नायू तापलेला, आंबलेला, दमलेला,
तिथे त्याची मूठ सैल होते.
स्वस्थ बसलेल्या माणसाला मात्र
ते चारांतला एक देतं,
तीन हातचे राखून परत फुप्फुसाकडे जातं.

‘म्हणजे माझ्या सासूसारखं,’ हिलारिओ म्हणाला.

वर मात्र चारही जागा भरतच नाहीत.
मग मूत्रपिंडं हाका घालतात: आणखी गडी पाठवा.
हाडांच्या पोकळीतून गडी निघतात, निघतच राहतात,
रिकाम्या पाठीचे.
वाट तीच, केसाएवढी.
अति तिथे माती.

डॉक्टरांनी लिहिलं होतं: अर्धा लीटर काढा.
दुसऱ्या ओळीत, नेहमीप्रमाणे: समुद्रसपाटीला राहायला जा.
दुसरी ओळ त्याने वाचली नाही, मीही वाचून दाखवली नाही.

पिशवी भरत होती, हळू, काळपट.
‘यात लोखंड किती असेल?’
मी हिशेब केला. ग्रॅमचा तिसरा हिस्सा, फार तर थोडं जास्त.
तो इतका हसला की सुई हलली.
‘बाई, एकतिसाव्या दिवशी
मला सोनंही एवढंच मिळतं.’

फोर्तुनाता बाकावर बसली होती,
सहावा महिना, मांडीवर त्याची टोपी.
तिचं बोट मी शेवटी टोचलं.
आकडा ठीक होता. वर राहणारीसाठी ठीक.
तिला मी एक गोष्ट सांगितली नाही,
का ते माहीत नाही:
की पोटातल्या लेकराचं हिमोग्लोबिन
वेगळ्या घडीचं असतं,
त्याची पकड आईपेक्षा घट्ट.
वारेपाशी दोन रक्तं शेजारून वाहतात,
एकमेकांत मिसळत नाहीत,
आणि ते तिच्या हातातून काढून घेतं.
ती हातचं राखते त्यातलंही.

जाताना हिलारिओने दंडावरचा कापूस काढून पाहिला.
पिशवीत काळं दिसलेलं रक्त
कापसावर लालभडक झालं होतं,
आमच्या इथल्या, त्याच्यासाठी दाट असलेल्या हवेत.
‘बघ,’ त्याने बायकोला दाखवलं,
‘एवढ्यातच पोट भरलं त्याचं.’

चारची गाडी वर जाणारी.
त्यांनी धावत पकडली.
तो धावला, मी खिडकीतून पाहिलं,
आणि दाराशी पोचून
बराच वेळ दांडा धरून उभा राहिला.